हवा जायलीय, पण कुठून?

"अरे, हवा जायलीय. रात्री आठ किलो होती. सकाळी दोन्ही काटे साडेचारवर, अन् गाडी डाव्या अंगावर बसलीय."

दाजींचा हा फोन आला तेव्हा कार्तिकी एकादशी नऊ दिवसांवर आली होती. दाजींनी सेवानिवृत्तीच्या पैशातून एक जुनी ट्रॅव्हल्स घेतलीय, २००७ सालची, हवेच्या ब्रेकची डिझेल बस. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या फेऱ्या करून ती दमलेली. तिच्या सीटा काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मागे न्हाणी असं फिरतं घर त्यांनी केलं. त्यासाठी आरटीओची रीतसर मंजुरी घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करताच येत नाही. आक्काला आणि दाजींना माहूर, पैठण, पंढरपूर असं सावकाश फिरायचं होतं. पण पावसाळाभर गाडी लातूरकडच्या मुरूडजवळच्या शेतात, पत्र्याच्या शेडखाली सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. दसऱ्यानंतर बाहेर काढली तर हवा टिकेना. मागच्या बाजूला सारखी सूं सूं. एका गॅरेजमध्ये नेली, तिथे मागचा रिले व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा मागच्या ब्रेकना सोडणारा व्हॉल्व्ह, नवा टाकला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सूं सूं तिथल्या तिथेच.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड बरीच वर्षं शिकवला. पोरांना मी पहिल्या दिवसापासून एकच सांगायचो: हवेच्या गाडीत पान्याला हात लावायच्या आधी हवा कुठून निघते, कुठे थांबते आणि कुठे संपते हे डोळ्यासमोर आणा. तो नकाशा डोक्यात नसेल तर तुम्ही आवाजाच्या मागे पळता, आणि आवाज जिथे येतो तिथे दोष असतोच असं नाही. दाजींच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. त्यांच्या फोनवरच्या दोन वाक्यांत सगळे पुरावे होते. हवेच्या दाबाचे काटे शून्यावर न जाता साडेचारवर थांबले. गाडी एकाच अंगावर बसली. आणि हे सगळं रात्री, हँडब्रेक ओढलेला असताना घडलं. या तिन्हींचा अर्थ लागायला आधी यंत्रणा कळायला हवी.

ठिबक कळतं त्याला हवा कळते

आपल्याकडे ज्यानं शेतात ठिबक जोडलंय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. विहिरीवरची मोटर म्हणजे इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून पुढे ढकलतो. दाबलेली हवा तापते, इतकी की कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाइपला चालू गाडीत हात लावला तर चटका बसतो. ही हवा जाते एअर ड्रायरमध्ये. ठिबकला जसा फिल्टर, तसा हा ड्रायर, फक्त इथे वाळू-कचऱ्याऐवजी पाणी आणि तेल अडवायचं असतं. आत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात.

मोटरला फ्लोट स्विच असला तर टाकी भरली की ती बंद. कॉम्प्रेसर मात्र इंजिनासोबत फिरतच राहतो. त्यामुळे दाब साधारण आठ किलोवर गेला की अनलोडर व्हॉल्व्ह त्याची हवा बाहेर सोडून देतो, आणि दाब उतरला की पुन्हा टाक्यांकडे वळवतो. गाडी उभी असताना मधूनच खालून जोरात 'फुस्स' होतं ना, ती हीच घडी. त्याच फुसक्यात ड्रायरमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकलं जातं. (गॅरेजमध्ये 'किलो' म्हणतात तो दर चौरस सेंटीमीटरवरचा दाब. १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय. दाबमापकावर बार लिहिलेलं असलं तरी व्यवहारात किलो आणि बार एकच धरायला हरकत नाही.)

ड्रायरनंतर एक एनआरव्ही असतो, उलटं पाणी येऊ नये म्हणून पाइपलाइनला बसवतो तसाच. त्याच्या पुढे येतो या यंत्रणेतला माझ्या मते सगळ्यात शहाणा भाग, चार वाटांचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह. इथून हवा चार वाटांना जाते: एक पुढच्या चाकांच्या ब्रेकला, एक मागच्या ब्रेकला, एक हँडब्रेकला आणि चौथी वरकड कामांना. वरकड म्हणजे दरवाजा, हॉर्न आणि मागच्या एक्सलवर गाडीला तोलणारे हवेचे फुगे. शेतात एका पट्ट्यातली लॅटरल फुटली तर आपण धावत जाऊन त्या पट्ट्याचा गेट व्हॉल्व्ह बंद करतो, नाहीतर सगळं पाणी तिथूनच वाहून जातं. हा व्हॉल्व्ह तेच काम आपोआप करतो. एका वाटेत हवा गळायला लागली तर बाकीच्या वाटांचा दाब ठराविक पातळीपर्यंत उतरतो आणि मग आतली झडप मिटते. तिथून पुढे ज्या वाटा धडधाकट आहेत त्या आपापली हवा धरून बसतात. ही पातळी गाडीगणिक थोडी वेगळी, पण बहुधा साडेचार-पाच किलोच्या आसपास.

आता दाजींचे काटे आठवा. दोन्ही साडेचारवर येऊन थांबले होते. हे दोन काटे पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या टाक्यांचे. गळती या दोनपैकी एखाद्या टाकीत असती तर तो काटा शून्यापर्यंत गेला असता. दोघं एकाच ठिकाणी थांबले याचा अर्थ प्रोटेक्शन व्हॉल्व्हनं आपलं काम चोख केलं, आणि रात्रीचा चोर चौथ्या वाटेवर होता. गाडी डावीकडे झुकली हा त्याचाच दुजोरा.

एक खूण इथेच सांगून ठेवतो, फार उपयोगाची आहे. या व्हॉल्व्हांच्या तोंडांवर अंक कोरलेले असतात. १ म्हणजे हवा आत येण्याचं तोंड, २ म्हणजे पुढे जाण्याचं, ३ म्हणजे बाहेर सोडण्याचं आणि ४ म्हणजे हुकूम देणाऱ्या हवेचं. २१, २२, २३, २४ असं दिसलं तर त्या बाहेर जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा. नकाशा हातात नसला तरी बॅटरी मारून हे अंक वाचत गेलात तर निम्मा नकाशा तिथेच तयार होतो.

हवा ब्रेक लावते, आणि हवाच ब्रेक सोडून ठेवते

जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन माणसानं १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या पहिल्या रचनेत हवा पाठवली की ब्रेक लागायचा. म्हणजे पाइप तुटला तर ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्यानं ते उलटं केलं: पाइपात दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. डबे तुटून वेगळे झाले तरी ते आपोआप थांबतात ते या विचारामुळे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते टँकर थांबवणाऱ्या ब्रेकमागेही हेच तत्त्व.

बसमध्ये दोन्ही रचना एकत्र नांदतात. पायानं दाबायचा ब्रेक पहिल्या प्रकारचा. फूट व्हॉल्व्ह दाबला की हवा चाकाजवळच्या बूस्टरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या डब्यात जाते, रबरी पडद्याला ढकलते, त्याचा दांडा ब्रेकच्या तरफेला, म्हणजे स्लॅक अ‍ॅडजस्टरला फिरवतो आणि लायनर ड्रमला घासतात. (विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हशी याचं नातं फक्त नावाचं.) मागच्या बूस्टरवर बऱ्याचदा ३० असा आकडा असतो. तो पडद्याचं क्षेत्रफळ चौरस इंचात सांगतो. सात किलो दाबाला असा एक पडदा साडेतेरा क्विंटलच्या आसपास जोर लावतो. पायाच्या एका दाबात एवढी ताकद.

हँडब्रेक दुसऱ्या प्रकारचा. मागच्या बूस्टरच्या पाठीवर आणखी एक डबा जोडलेला असतो, त्यात जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली. हवा भरली की स्प्रिंग मागे रेटली जाते आणि चाक मोकळं होतं. हँडब्रेकचा खटका ओढला की त्या डब्यातली हवा बाहेर पडते, आणि स्प्रिंग सुटून ब्रेक लावते. म्हणून हवा पार उतरलेली बस ढकलूनही हलत नाही. लोक याला गाडीचा हट्ट समजतात. ती खरं तर तुमच्या जिवाची काळजी आहे.

या स्प्रिंगबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. तिच्यातला जोर क्विंटलांत मोजावा असा असतो, आणि हवा संपली तरी तो जोर संपत नाही. हा डबा बांधून ठेवणारा पट्टा कुणी घरी, रस्त्यात, 'बघू तरी आत काय झालंय' म्हणून खोलला, तर झाकण गोळीसारखं उडतं. यात माणसं दगावलेली आहेत. बूस्टर उतरवायचाच असेल तर आधी त्याचा रिलीज बोल्ट आत घालून, फिरवून स्प्रिंग कैद करायची, आणि मगच नटांना पाना लावायचा. डबा खोलायचा नाही. पूर्ण नग बदलायचा. मी ट्रेड शिकवत असताना पोरांना हा डबा खोलून कधी दाखवला नाही. आधीच आडवा कापलेला एक जुना नग ठेवला होता, तेवढाच दाखवायचो.

ऐकायचं, मोजायचं, मग साबण

शेतावर पोचलो तेव्हा दाजी पाना हातात घेऊनच उभे होते. तो मी आधी बाजूला ठेवायला लावला. गाडी सपाट जागी आणली, चारी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. आणि चासीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू लावले. हे शेवटचं काम बहुतेक जण टाळतात, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. फुग्यांवर उभी असलेली बस म्हणजे हवेवर उभी असलेली बस. फुगा फुटला, पाइप निसटला किंवा कुणाचा हात फुग्यांतली हवा कमी-जास्त करणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या दांडीला लागला तर अख्खी बॉडी कित्येक इंच खाली येते, आणि सरकून बाहेर यायला क्षणभरही मिळत नाही. जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, नुसत्या फुग्यांवर विसंबून तर नाहीच.

मग इंजिन चालू करून हवा आठ किलोपर्यंत भरली, इंजिन बंद केलं. आक्का ड्रायव्हरच्या सीटवर, दाजी वही घेऊन काट्यांसमोर, मी मागच्या चाकांजवळ.

पहिली फेरी: हँडब्रेक सोडलेला, पाय ब्रेकवर नाही. मागे रिले व्हॉल्व्हच्या ३ नंबरच्या तोंडातून तीच सूं सूं. दहा मिनिटांत मागचा काटा सहावर आला.

दुसरी फेरी: आक्कानं ब्रेक पूर्ण दाबून धरला. सूं सूं बंद. सुरुवातीला काटा थोडा उतरला, बूस्टर भरायला हवा लागतेच, आणि मग स्थिर राहिला. याचा अर्थ पायाच्या ब्रेकचे रबरी पडदे शाबूत होते. पडदा फाटला असता तर ब्रेक दाबल्यावरच आवाज वाढला असता.

तिसरी फेरी: पाय सोडला, हँडब्रेक ओढला. मोठा फुसका, आणि मग शांतता. काटा जेमतेम हलत होता.

"थांबली की ओ," आक्का वरून म्हणाली.

या तिसऱ्या फेरीतच सगळं उत्तर होतं. रिले व्हॉल्व्ह खराब असता तर हँडब्रेक ओढल्यावरही तो गळत राहिला असता, कारण त्याच्याकडे टाकीची हवा तशीच येत असते. हँडब्रेक ओढल्यानं बदललं काय? तर स्प्रिंगच्या डब्यातली हवा निघून गेली. म्हणजे गळणारी हवा त्या डब्यातली होती. पायाच्या ब्रेकचा कप्पा आणि स्प्रिंगचा कप्पा यांच्या मधून एक दांडा जातो, त्याच्याभोवती रबरी सील असतं. ते झिजलं की स्प्रिंगकडची हवा शेजारच्या कप्प्यात शिरते, तिथून ब्रेकच्या पाइपातून उलटी चालत रिले व्हॉल्व्हपाशी येते आणि त्याच्या ३ नंबरच्या तोंडातून बाहेर पडते. आवाज व्हॉल्व्हचा, दोष दोन हात लांबच्या बूस्टरचा. चांगला व्हॉल्व्ह काढून नवा टाकला गेला तो इथेच फसून. आणि ही चूक इतक्या ठिकाणी होते की माझी सगळ्यांना विनंती आहे: मागून हवा गळत असेल तर व्हॉल्व्हचे पैसे देण्याआधी एकदा हँडब्रेक ओढून ऐका. फुकटची तपासणी आहे.

डावा की उजवा हे ठरवायला हवा सोडून दोन्ही मागच्या बूस्टरचे पायाच्या ब्रेकचे पाइप सोडवले, पुन्हा हवा भरली आणि हँडब्रेक सोडला. ठोकळे लावलेले असल्याशिवाय हे करायचं नाही, कारण या वेळी गाडीला कुठलाच ब्रेक नसतो. उजव्या बूस्टरच्या उघड्या तोंडावर तळहात धरला तर गार वारा लागला. डावा कोरडा. उजवा नग लातूरहून नवा आणला आणि औसा रोडवरच्या एका जुन्या, सावध हाताच्या मिस्त्रींकडून बसवून घेतला.

किती गळती चालते हाही प्रश्न लोक विचारतात. अमेरिकेत, जिथे अशी डिझेलवरची फिरती घरं रस्त्यावर खूप आहेत, तिथे मोठ्या वाहनाच्या चालकाला परीक्षेत हे करून दाखवावं लागतं: इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, आणि ब्रेक दाबून धरल्यावर ३ पेक्षा जास्त नाही. २ पीएसआय आपल्या काट्यावर दिसतही नाही, म्हणून मी दहा मिनिटं धरतो आणि दीड किलोच्या आत हवं म्हणतो. निरोगी गाडी त्याच्या कितीतरी आत राहते. तिथलीच दुसरी कसोटी कॉम्प्रेसरची: इंजिन जोरात ठेवून ८५ ते १०० पीएसआय, म्हणजे सहा ते सात किलो, ४५ सेकंदांत भरलं पाहिजे. याला फार वेळ लागला आणि कुठे गळतीही नसली, तर कॉम्प्रेसरवर खापर फोडण्याआधी त्याच्या पुढचा गरम पाइप काढून आत बघा. जळक्या तेलाची काजळी साचून त्याचं भोक बोरूएवढं उरलेलं मी पाहिलंय.

रात्रीचा चोर

रात्री हँडब्रेक ओढलेला असतो, म्हणजे स्प्रिंगच्या डब्यात हवाच नसते. मग रात्रीची गळती त्या उजव्या बूस्टरच्या माथी मारता येत नाही. गळत्या दोन होत्या, आणि एकीच्या आवाजात दुसरी झाकली गेली होती.

फुग्यांची हवा लेव्हलिंग व्हॉल्व्ह सांभाळतो. बॉडी खाली बसली की त्याची दांडी वर जाते आणि तो हवा आत घेतो, बॉडी उचलली की सोडतो. घर केलेल्या बसमध्ये वजन कायम असतं, आणि बऱ्याचदा एकाच बाजूला. दाजींनी पाण्याची टाकी आणि ओटा दोन्ही डाव्या बाजूला घेतलेत, म्हणून त्या बाजूचा फुगा बारा महिने जास्त दाबाखाली. अशा गाड्यांच्या मालकांना माझं सांगणं आहे की जड सामान लावतानाच दोन्ही बाजूंना वाटून लावा.

आक्काच्या भांडी घासायच्या लिक्विडमध्ये पाणी घालून फवाऱ्याच्या बाटलीत भरलं. आधी पाइपांचे जोड. काही नाही. लेव्हलिंग व्हॉल्व्ह. काही नाही. मग फुग्याच्या घडीवर, जिथे रबर दुमडून खालच्या लोखंडी पिस्टनवर लोळतं, तिथे मारलं. वरून रबर काळं, धड दिसत होतं. घडीच्या आत बॅटरी मारली तर बारीक भेगांची जाळी, उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडते तशी. त्यातल्या एका भेगेवर मोहरीएवढा बुडबुडा आला, मग दुसरा, आणि बघता बघता पांढरा फेस कापसाचं बोंड उमलावं तसा फुलला. आवाज मात्र शून्य. कानानं ही गळती कधीच सापडली नसती.

फुगा चिकटवायचा नसतो, ठिगळ लावायचं नसतं. बदलायचाच. दोन्ही बाजूंचे सोबत बदललेले बरे, कारण वय दोघांचं एकच. दाजींनी दोन्ही घेतले.

आणि तिसरी एक छोटी गळती शेडनं दिली होती. दरवाजाच्या सिलिंडरकडे जाणारा नायलॉनचा पाइप उंदरांनी कुरतडलेला होता, आरपार नाही, पण नखानं दाबला तर हवा निघे इतका. नायलॉनचा पाइप कापताना धारदार पात्यानं अगदी काटकोनात कापायचा, हॅक्सॉनं नाही. तिरका किंवा चुरा राहिलेला काप जोडात नीट बसत नाही. आत पितळी बुशिंग घालायचं विसरायचं नाही. आणि जोडाला प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. तिचा तंतू सुटून एखाद्या व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत जाऊन बसतो, आणि मग तिथे हवा गळायला लागते. पाण्याच्या नळाची सवय हवेच्या गाडीत आणू नका. तसंच व्हॉल्व्हची रबरं डिझेलमध्ये धुवायची नाहीत, ती फुगतात.

पावसाळ्यातली हवा म्हणजे पाणीच

सगळ्या गळत्यांच्या मुळाशी बऱ्याचदा पाणी असतं. थोडा हिशेब करून दाखवतो. ३० अंशाला पूर्ण ओल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. आपल्या श्रावणातल्या हवेत २४ ग्रॅम धरा. दाबमापकावर आठ किलो दाखवणारी हवा मूळच्या नवव्या हिश्श्यात कोंबलेली असते. ती टाकीत थंड झाली की त्यातली तीन-साडेतीन ग्रॅमच वाफ टिकते, उरलेल्या वीसेक ग्रॅमचं पाणी होतं. मिळून ८० लिटरच्या टाक्या एकदा रिकाम्यापासून आठ किलोपर्यंत भरल्या तर साधारण ६४० लिटर मोकळी हवा आत गेली, म्हणजे दोन-अडीच चमचे पाणी. ड्रायर चांगला असेल तर त्यातलं बहुतेक बाहेर फेकलं जातं. गाडी गळकी असेल तर कॉम्प्रेसर सारखा हवा भरत राहतो, ड्रायरला उसंत मिळत नाही, दाणे ओले होतात आणि पाणी टाक्यांमध्ये साचतं. ते पाणी टाकी आतून गंजवतं, गंजाचा चुरा व्हॉल्व्हमध्ये जातो, व्हॉल्व्ह गळायला लागतो, आणि कॉम्प्रेसर आणखी चालतो.

प्रत्येक टाकीच्या बुडाशी एक झडप असते, तिची कडी ओढली की साचलेलं बाहेर येतं. काय आलं ते बघा, नुसतं सोडून देऊ नका. थेंबभर स्वच्छ पाणी असेल तर ठीक. वाटीभर आलं तर ड्रायरची डबी बदलायची वेळ झाली. ती तशीही दोन-तीन वर्षांनी बदलावी, गाडी कमी चालली असली तरी. दुधाळ, चहासारखं, चिकट आलं तर कॉम्प्रेसर तेल वर फेकतोय. त्याकडे दुर्लक्ष केलंत तर नवा टाकलेला ड्रायरही वाया जाईल. दाजींच्या गाडीतून लिटरभर तांबडं पाणी निघालं, पण तेलकट नव्हतं. कॉम्प्रेसर वाचला होता. ड्रायरची डबी बदलली. टाक्या खालून ठोकून बघितल्या. कुठे मऊ आवाज आला नाही. आला असता तर टाकीच बदलायला लावली असती. दाबाच्या गंजक्या टाकीला वेल्डिंग मारून चालवणं हा जिवाशी खेळ आहे.

ड्रायरची आणखी एक खूण: 'फुस्स' झाल्यावर काही सेकंदांत तो गप्प झाला पाहिजे. त्यानंतरही खालून हवा जात राहिली तर पुढचा एनआरव्ही टाकीची हवा उलटी येऊ देतोय.

घरासारखी वापरायची बस वर्षातले बरेच महिने उभी असते, आणि उभं राहणं तिला चालण्यापेक्षा जास्त त्रास देतं. रबर वाळतं, सीलं एकाच जागी चिकटतात. म्हणून आता दाजी पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून 'फुस्स' होईपर्यंत हवा भरतात, ब्रेक दहा-बारा वेळा दाबतात, हँडब्रेक ओढून-सोडून बघतात आणि शेवटी टाक्यांचं पाणी काढतात. सोयाबीनची पोती त्यांनी दुसऱ्या खोलीत हलवलीत.

निघण्याआधी एक शेवटची गोष्ट करून घेतली. ब्रेक दाबून धरला आणि बूस्टरचा दांडा किती बाहेर येतो ते पट्टीनं मोजलं. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला दोन इंचांच्या पुढे जाता कामा नये. हवा भरपूर, पण दांडाच पुरेसा पोचत नाही, असं असेल तर येडशीच्या उतारावर काट्यावरचे आठ किलो काही कामाचे नाहीत. डावीकडचा सव्वादोन भरला. मिस्त्रींनी स्लॅक अ‍ॅडजस्टर आवळून दीडवर आणला.

दशमीच्या सकाळी पंढरपुरातून, वारकरी उतरतात त्या ६५ एकरांतून दाजींचा फोन आला. मागे टाळ ऐकू येत होते.

"रात्री आठ लिहिलं होतं. आत्ता साडेसात हाय. गाडी सरळ उभी. मागच्या टाकीतनं चमचाभर पाणी आलं, स्वच्छ. ते पण वहीत लिहिलंय."